बंधारा कुठे घालायचा, हे बायकांना कोण विचारते?

(रायगड जिल्ह्यातील किनाऱ्यावरच्या गावांतील महिलांच्या मेळाव्यात केलेले भाषण)



सकाळपासून तुम्ही बऱ्याच जणी बोललात. कुणाच्या उंबऱ्याला उधाणाचे पाणी लागते, कुणाच्या विहिरीचे पाणी मचूळ झाले, कुणाच्या परसातले माड वाहून गेले. समाजकार्याचे शिक्षण संपवून मी या किनाऱ्यावर कामाला आले, तेव्हा समुद्राने होणारी जमिनीची धूप हा इंजिनियरचा विषय आहे असे मला वाटे. तो बायकांचाही विषय आहे, हे मला एका कोळीवाड्याने शिकवले.

त्या गावाने बरीच वर्षे अर्ज-विनंत्या केल्यावर धूपप्रतिबंधक बंधारा मंजूर झाला. सगळ्यांना आनंद झाला. काम सुरू झाले ते ऐन आगोटीच्या तोंडावर, आणि दगड येऊन पडले ते मासळी सुकवायच्या खळ्यावर. एक आजी मला म्हणाली, "बाय, घर वाचलं, बरं झालं. पन आता बोंबील कुठं सुकवू? आमाला कुनी इचारलंच नाय."

बंधाऱ्यामुळे पुढच्या रांगेतली घरे वाचली, हे खरेच आहे. बंधारा नको असे मी म्हणत नाही. पण खळे कोणत्याच कागदावर नव्हते, ते कुणाच्या नावावर नव्हते, म्हणून ते गेल्याची नोंदही झाली नाही. होडीचा पैसा डिझेल, बर्फ आणि कर्जात जातो. सुक्या मासळीचा पैसा बाईच्या हातात राहतो. पावसाळ्यात मासेमारी बंद असते, तेव्हा त्यावर चूल पेटते, मुलांच्या वह्या-पुस्तकांची सोय होते. खळे गेले म्हणजे तिच्या हातातला तेवढा पैसा गेला.

दुसरी गोष्ट. बंधारा लाटेला अडवतो, पण लाटेचा जोर संपवत नाही. दगडावर आपटून परतणारे पाणी पायथ्याची वाळू ओढून नेते. बंधारा जिथे संपतो, तिथल्या शेजारच्या वाडीची धूप वाढते. मग ती वाडी बंधारा मागते. खाडीतला बेसुमार वाळूउपसा, बंदरांच्या भिंतींनी अडवलेली वाळू, तोडलेली कांदळवने यांचा विचार न करता आपण नुसते दगड टाकत राहतो. चेन्नईच्या राष्ट्रीय तटीय संशोधन केंद्राने १९९० ते २०१८ या काळाचा अभ्यास केला. त्यात देशाचा सुमारे एक तृतीयांश किनारा झिजत असल्याचे आढळले. तेव्हा हे आपल्या एका गावाचे नशीब नाही.

आता नुकसानभरपाईकडे वळू. ३ जून २०२० ला निसर्ग वादळ आपल्या जिल्ह्यावर आदळले. २०२१ च्या मे महिन्यात तौक्ते आले, आणि त्याच वर्षी २२ जुलैला महाड-चिपळूणचा पूर. पंचनामे झाले. घर घरमालकाच्या नावाने, होडी होडीमालकाच्या नावाने. होडीला आणि जाळ्याला सरकारी निकषांत रक्कम ठरलेली आहे. भिजून कुजलेल्या सुकटीसाठी आम्हाला रकाना सापडला नाही. दिराच्या पडवीत राहणारी विधवा, माहेरी परतलेली बाई, यांचे छप्पर उडाले तरी पैसे दुसऱ्याच्याच खात्यात गेले.

वादळाचा निदान पंचनामा होतो. धूप एका रात्रीत होत नाही, दरवर्षी थोडी थोडी होते. केंद्राच्या मदतनिधीच्या यादीत चक्रीवादळ, पूर, त्सुनामी होते, धूप नव्हती. पंधराव्या वित्त आयोगाने २०२१ ते २०२६ या काळासाठी धूप रोखायला १,५०० कोटी आणि धुपीने विस्थापित झालेल्यांच्या पुनर्वसनाला १,००० कोटी रुपयांची शिफारस केली. ही शिफारस देशभरच्या समुद्रकाठासाठी आणि नदीकाठासाठी मिळून होती. म्हणजे मागण्याला आधार आहे. पण मागायला आपले नाव कागदावर हवे.

मग करायचे काय? गावात परतल्यावर तीन कामे हाती घेऊ या.

पहिले, आपला नकाशा आपण काढू. खळे, होड्या लागतात तो उतार, गोड्या पाण्याची विहीर, आडोशाची वाट, स्मशान, सगळे त्यात दाखवू. २५ वर्षांमागे पाणी कुठवर येत होते ते म्हाताऱ्या बायकांना विचारून लिहू.

दुसरे, ग्रामसभेआधी महिलांची सभा घेण्याची तरतूद आपल्या कायद्यात आहे. ती कागदावर उरकू देऊ नका. बंधाऱ्याचा आराखडा आधी तिथे मांडा, असा ठराव करा. पंचायतीत निम्म्या जागा आपल्या आहेत. आपल्या सदस्य बाईच्या पाठीशी उभ्या राहा, म्हणजे तिला बोलायचे बळ येईल.

तिसरे, घराच्या नोंदीत नवऱ्याबरोबर बायकोचे नाव लावण्याचा शासन निर्णय २००३ सालचा आहे. अर्ज देऊन ते नाव लावून घ्या. एकट्या बायकांची वेगळी यादी करून तलाठ्याकडे द्या आणि पोच घ्या. वादळ येऊन गेल्यावर हे होत नाही.

त्या आजीचे खळे परत मिळालेले नाही. बंधाऱ्याच्या आतल्या बाजूला मासळी सुकवण्यासाठी ओटे बांधून द्यावेत, असा अर्ज तिथल्या बायकांनी केला आहे. उत्तर अजून आलेले नाही. येत्या आगोटीच्या आत ते आणायचे आहे, आणि त्यासाठी कचेरीत जाताना त्या एकट्या असू नयेत. आपल्यापैकी कोण कोण येणार, ते आजच ठरवू या.