वाचनात अडखळणारी मुले आणि आपली शिकवणी
(मंडळाच्या वार्षिक संमेलनातील भाषण)



आताच या व्यासपीठावर शालान्त परीक्षेत उत्तम गुण मिळविलेल्या मुलामुलींचा सत्कार झाला. त्यांचे आम्ही मनःपूर्वक अभिनंदन करतो. परंतु आज आम्हांस बोलावयाचे आहे ते ज्यांची नावे या यादीत कधीच येत नाहीत, आणि ज्यांचे आईबाप त्यामुळेच या समारंभास येण्याचे टाळतात, अशा मुलांविषयी. सातवी-आठवीत पोचूनही ज्यांना पानभर धडा सरळ वाचता येत नाही, अशी मुले आपल्या ज्ञातीत नाहीत असे कोणी समजू नये. एक तर आमच्याच घरात होते.

आमचा धाकटा चिरंजीव बोलण्यात चतुर, तोंडी हिशेबात तरबेज, एकदा ऐकलेली गोष्ट बिनचूक सांगणारा. पण पुस्तक समोर आले की त्यास घाम फुटे. 'घर'चे 'धर' होई, 'भात'चा 'मात' होई. निम्मी ओळ वाचून उरलेली तो अंदाजाने पुरी करी. आम्ही यास आळस म्हटले. क्वचित हातही उगारला; सांगताना आज संकोच वाटतो. पुढे चार घरी करतात तेच आम्ही केले, शिकवणी लावली. वर्गात चाळीस मुले. मास्तरांनी उत्तरे सांगावी, मुलांनी पाठ करावी. चिरंजीवांनी ती कानाने ऐकून पाठ केली, गुण थोडे वाढले आणि आम्ही निर्धास्त झालो. वाचन मात्र होते तेथेच राहिले. पाठांतराने दोष झाकला, एवढेच. फी गेली त्याचे दुःख नाही, दोन वर्षे गेली त्याचे आहे.

मूल हुशार असूनही त्यास वाचन न येणे ही गोष्ट नवी नाही. 1896 साली डॉ. प्रिंगल मॉर्गन या इंग्रज डॉक्टराने चौदा वर्षांच्या एका मुलाची हकीकत प्रसिद्ध केली. त्याचे शिक्षण केवळ तोंडी झाले असते तर तो शाळेत सर्वांत हुशार ठरला असता, असे त्याच्या मास्तरांचे मत होते. आज यास डिस्लेक्सिया म्हणतात. अर्थात प्रत्येक अडखळणारे मूल यात मोडते असे नव्हे. प्रथम डोळे व कान तपासून घ्यावेत, आणि मग तज्ज्ञांकडे जावे.

शिवाय आपल्या लिपीच्या काही खोडी आहेत, त्या आपल्याला सवयीने दिसत नाहीत. 'किती' या शब्दात पहिली वेलांटी अक्षराच्या आधी लिहितो, उच्चार मात्र मागून करतो. 'वर्ग' या शब्दात रफार 'ग'च्या डोक्यावर बसतो, पण उच्चारात तो 'ग'च्या आधी येतो. बहुतेक मुले हे आपोआप उचलतात. ज्यांना ते साधत नाही, त्यांना कोणीतरी समोर बसवून उलगडून दाखवावे लागते.

आमच्या मुलास हे उलगडून दाखविले ते आपल्याच ज्ञातीतील एका निवृत्त शिक्षिकाबाईंनी. पहिल्या दिवशी त्यांनी पाठ्यपुस्तक मिटून ठेवावयास सांगितले. रोज अर्धा तास, एकच मुलगा, थाळीत पसरलेला रवा. अक्षर बोटाने रव्यात गिरवावयाचे, त्याच वेळी मोठ्याने उच्चारावयाचे. डोळा, कान आणि हात एकत्र. अमेरिकेत ऑर्टन व गिलिंगहॅम यांनी घालून दिलेल्या पद्धतीचे तत्त्वही हेच आहे. आठवा वर्ग आणि रव्यातली अक्षरे! घरातील वडीलधाऱ्यांनी नाके मुरडली. पण वर्षाअखेरीस त्याने वर्तमानपत्रातील क्रिकेटची बातमी आम्हांस वाचून दाखविली. वाचन अजून सावकाश आहे, पण अंदाजाचे नाही.

तेव्हा शिकवणी ठरविताना आमची विनंती एवढीच, की फी विचारण्याआधी तीन गोष्टी विचारा. मूल कोठे अडते हे कसे शोधणार? त्याला एकट्याला किती वेळ देणार? आणि त्याचे वाचन आम्हांस केव्हा ऐकविणार? 'पास करून देतो' एवढेच उत्तर आले तर उठून यावे.

कायद्याचेही साहाय्य आहे. 2016 च्या दिव्यांग हक्क कायद्यात या अक्षमतेचा समावेश झाला असून, नेमलेल्या सरकारी रुग्णालयाचे प्रमाणपत्र असल्यास शालान्त परीक्षेत जादा वेळ व जरूर तेथे लेखनिक मिळतो. ही सवलत परीक्षेपुरती. तिने वाचन येत नाही. तरीही कित्येक घरे ते प्रमाणपत्र घेत नाहीत. कारण आम्हांस ठाऊक आहे. उद्या सोयरीक जुळविताना तो कागद आडवा येईल! हे भय परक्यांनी घातलेले नाही. स्थळे आपणच पाहतो, चौकशाही आपणच करतो.

कार्यकारिणीने आमची सूचना मान्य केली आहे. पुढील महिन्यापासून मंडळाचे सभागृह दर शनिवारी व रविवारी सायंकाळी या कामासाठी मोकळे राहील, आणि तपासणीचा खर्च ज्यांना झेपत नाही त्यांना शिक्षणनिधीतून साहाय्य मिळेल. पाच निवृत्त शिक्षकांनी होकार दिला आहे; आणखी हवे आहेत. मुलाचे नाव चिठ्ठीवर लिहून चिटणिसांच्या हाती द्यावे. ते कोठेही वाचून दाखविले जाणार नाही, किंवा या स्मरणिकेत छापलेही जाणार नाही.