वेडा म्हणवून घेतलेला गवई



मी सातवीपर्यंत शिकलेली गृहिणी. चारचौघींपुढे उभे राहून बोलण्याचा माझा हा पहिलाच प्रसंग, तेव्हा चुकलेमाकले सांभाळून घ्यावे. आवडत्या कलावंतावर बोला, असे मंडळाने सांगितले. मी किशोरकुमारांचे नाव दिले, तर सासूबाई म्हणाल्या, "अगंबाई, तो वेडा?" त्या वेडाबद्दलच दोन शब्द सांगते.

भुसावळहून इटारशीकडे जाताना खंडवा लागते. तिथे ४ ऑगस्ट १९२९ रोजी एका बंगाली वकिलाच्या घरी ते जन्मले. पाळण्यातले नाव आभासकुमार गांगुली. थोरले बंधू अशोककुमार म्हणजे तेव्हाचे नामांकित नट. त्यांच्या मागोमाग हेही सिनेमात आले, पण ओढ गाण्याची. 'जिद्दी' (१९४८) चित्रपटात खेमचंद प्रकाश यांनी त्यांना देव आनंदसाठी गायला लावले. तेव्हा ते सैगलांच्या धाटणीत गात. मात्र गुरूपाशी बसून रीतसर शिक्षण झालेले नव्हते, आणि पुढे बरीच वर्षे लोकांनी त्यांना ओळखले ते हसवणारा नट म्हणूनच.

इथे माझी एक गोष्ट सांगते. एका ठिकाणी भजनाला मी आवाज लावला, तेव्हा पेटीवरच्या बाईंनी विचारले, "पट्टी कोणती तुमची? काळी चार की पाच?" मला सांगता आले नाही. "शिकलेल्या नाहीत वाटतं," एवढेच त्या म्हणाल्या. त्यानंतर दोन वर्षे मी स्वयंपाकघराबाहेर गायले नाही.

म्हणून मला 'पडोसन' (१९६८) फार जवळचा वाटतो. त्यात मेहमूद गाण्याचे मास्तर, आणि त्यांना आवाज मन्ना डे यांचा. ते खरोखर उस्तादांकडे शिकलेले. समोरच्या खिडकीत सुनील दत्त नुसते ओठ हलवतात आणि आडोशाला लपून गातात किशोरकुमार. सवाल-जवाब रंगतो. मास्तर चक्रावून जातात. ते माकडचाळे पाहून आपण पोट धरून हसतो, पण बायांनो, एकदा डोळे मिटून ऐका. एवढ्या गडबडीत सूर कुठे हलत नाही. मन्ना डे यांच्यासमोर टिकणे हे वेड्याचे काम नव्हे.

'हाफ तिकीट' (१९६२) मध्ये तर एकाच गाण्यात पुरुषाचा आणि बाईचा, दोन्ही आवाज त्यांचेच. गळ्यातून एकदम वरच्या बारीक आवाजात उडी घ्यायची, ते योडलिंग त्यांनी परदेशी तबकड्या ऐकून उचलले. 'झुमरू'ला (१९६१) संगीत त्यांचेच. 'दूर गगन की छाँव में' (१९६४) हा गंभीर चित्रपट काढला, तेव्हा दिग्दर्शन, संगीत, काम सगळे स्वतः केले. लढाईवरून परतलेला बाप आणि वाचा गेलेला मुलगा. मुलाचे काम त्यांच्या अमितने केले. मला तर रडू आवरले नाही.

'आराधना' आला १९६९ साली. तेव्हा त्यांनी चाळिशी गाठली होती. पहिल्या गाण्यानंतर एकवीस वर्षांनी लोक त्यांना आधी गवई म्हणू लागले! पुढे आठ वेळा फिल्मफेअरचे पारितोषिक मिळाले.

आणीबाणीत सरकारी कार्यक्रमात गायला ते तयार झाले नाहीत, म्हणून १९७६ साली त्यांची गाणी आकाशवाणीवर बंद झाली.  याला वेड म्हणायचे असेल तर म्हणा.

आपल्या मराठीतही 'गंमत जंमत'मध्ये (१९८७) ते गायले, अशोक सराफांसाठी. त्याच वर्षी १३ ऑक्टोबरला, नेमके अशोककुमारांच्या वाढदिवशी ते गेले. अंत्यसंस्कार झाले खंडव्यालाच.

परवा आपल्या हळदीकुंकवात पेटी होती. माझी पट्टी काळी दोन निघाली. अध्यक्षीणबाईंनी दिलेला वेळ संपला, तेव्हा आपली रजा घेते.