सवाईतली डावी बाजू



मला विषय दिलाय 'पुण्यातले गाण्या-नाटकाचे कार्यक्रम'. समितीतल्या मैत्रिणीला वाटलं, ही अजून पुण्यातच आहे, म्हणजे सगळीकडे जात असणार. खरं सांगू? नोकरी लागल्यापासून बालगंधर्वसमोरून रोज गाडी नेली, आत गेले असेन पाच-सहा वेळा. म्हणून एकट्या सवाईबद्दलच बोलते.

नववीत बाई आम्हा सात-आठ जणींना रमणबागेत घेऊन गेल्या. बाई, तुम्ही समोरच आहात, चुकलं तर सांगा. समूहगीतात ज्या मुलीला तुम्ही 'नुसते ओठ हलव' म्हणायचात, तिला गाणं ऐकायला का नेलंत, हे कोडं मला बरीच वर्षं सुटलं नव्हतं. सतरंजी, आईची शाल, थर्मासमधला चहा. मध्यरात्रीनंतर आम्ही निम्म्या झोपलेल्या. उजाडता उजाडता जाग आली तेव्हा भीमसेनजी गात होते. राग बिग काही कळला नाही, पण झोप गेली. बाईंनी सांगितलं, त्यांचे गुरू सवाई गंधर्व १९५२ साली गेले, आणि १९५३ पासून ते गुरूंच्या नावानं हा उत्सव करतात.

त्यानंतर मी गेलेच नाही. डिसेंबरात कायम कुठलं तरी रिलीज.

काही वर्षांपूर्वी एका सकाळी उठले तर डावा कान बंद. सर्दी असेल म्हणून आठवडा काढला, रिलीज होतंच. डॉक्टर म्हणाले, लगेच आला असतात तर कान परत येण्याची शक्यता जास्त होती. हे मुद्दाम सांगतेय. कुणाचा कान असा अचानक गेला तर त्याच दिवशी डॉक्टरकडे जा, माझ्यासारखं करू नका.

एका कानानं आवाज कुठून येतो ते कळत नाही. हेडफोनवर तबला डावीकडे असला, की माझ्यापुरता तबलजी आलेलाच नसतो. घरी गाणं लावणं मी बंद केलं. त्या वर्षी नवऱ्यानं न विचारता सवाईचं तिकीट काढलं. मंडपात अगदी डाव्या कडेला बसले, म्हणजे व्यासपीठ उजव्या कानाकडे येतं. तानपुरे जुळायला लागले आणि मी पर्समध्ये रुमाल शोधू लागले.

सवाई आता आपल्या वेळचा नाही. रमणबाग सुटली, हल्ली तो मुकुंदनगरला महाराष्ट्रीय मंडळाच्या मैदानावर होतो. बहुतेक दिवशी रात्री दहानंतर ध्वनिक्षेपक बंद, त्यामुळे रात्रभर बसणं संपलं. आपले बरेच लोक यावर हळहळतात, मीही हळहळते. मध्यरात्रीचा दरबारी, पहाटेचा ललित आता त्यांच्या वेळेला तिथे मिळत नाहीत. पण दुपारी सुरुवात होते म्हणून मुलतानी, भीमपलास दुपारच्या उन्हात ऐकायला मिळतात आणि संध्याकाळी पूरिया किंवा मारवा लागला की बाहेरही तीच वेळ असते. ऑफिसात बसून अशा किती दुपारी मी एसीत घालवल्या, देव जाणे.

शेवटच्या दिवशी अखेरीस सवाई गंधर्वांची जुनी ध्वनिमुद्रिका लावतात. एवढा मोठा मंडप, पण चिडीचूप. ते ध्वनिमुद्रण जुन्या काळातलं, मोनो. त्यात डावं-उजवं नसतंच. तेवढी काही मिनिटं मी आणि माझ्या शेजारचा, दोघांना सारखंच ऐकू येतं.

तर येत्या डिसेंबरात एक दिवस सगळे मिळून जाऊ. खुर्च्यांची तिकिटं महाग असतात, आपण खाली बैठकीतच बसू. गुडघे ज्यांचे कुरकुरतात त्यांनी उशी आणावी. बाईंना घ्यायला मी गाडी घेऊन येईन. फक्त बोलायचं असेल तर माझ्या उजवीकडे बसा. डावीकडून हाक मारलीत तर मी वळूनही बघणार नाही, आणि तुम्हाला वाटेल, हिला शिष्टपणा आलाय.