शिकणं हाही निषेधच

(वडगाव मावळ येथील महिला शिबिरात केलेलं भाषण)



मोर्चा निघाला की लोकांना आंदोलन दिसतं. पण दहा-पंधरा बायका गोल करून बसल्या आणि एखादा कागद मोठ्यानं वाचू लागल्या, की म्हणतात, 'बायकांचा वर्ग चाललाय.' असा वर्ग हीसुद्धा राजकीय कृतीच असते.

मथुरा खटला आठवा. १९७२ साली तेव्हाच्या चंद्रपूर जिल्ह्यात, देसाईगंजच्या पोलीस ठाण्यात, एका आदिवासी मुलीवर बलात्कार झाल्याची तक्रार झाली. उच्च न्यायालयानं दोन पोलिसांना दोषी ठरवलं, १९७८ मध्ये सर्वोच्च न्यायालयानं त्यांना सोडून दिलं. अंगावर जखमा नाहीत, आरडाओरडा नाही, म्हणजे तिची संमतीच! १९७९ मध्ये उपेंद्र बक्षी, वसुधा धागमवार, रघुनाथ केळकर आणि लतिका सरकार या कायद्याच्या चार अध्यापकांनी सरन्यायाधीशांना खुलं पत्र लिहिलं. भीतीनं गप्प राहणं म्हणजे संमती नव्हे, हे त्यांनी मांडलं. महिला गटांनी ते वाचलं, त्यावर चर्चा केल्या, आणि ८ मार्च १९८० ला बाया रस्त्यावर आल्या. १९८३ मध्ये कायदा बदलला. पोलीस कोठडीतल्या बलात्काराच्या खटल्यात शरीरसंबंध सिद्ध झाला आणि 'माझी संमती नव्हती' असं बाईनं न्यायालयात सांगितलं, तर न्यायालयानं तेच गृहीत धरायचं. आधी वाचन, मग मोर्चा, मग कायदा.

आता आपल्या मावळाकडे या. पवना धरणाचं पाणी बंद जलवाहिनीनं पिंपरी-चिंचवडला नेण्याच्या योजनेविरुद्ध ९ ऑगस्ट २०११ ला बऊरजवळ द्रुतगती मार्गावर आंदोलन झालं. गोळीबारात तीन जीव गेले, त्यात एक स्त्री होती. लढ्यात बाई अशी पुढे असते. पण सातबाऱ्यावर तिचं नाव असतं का? जमीन संपादित झाली तर मोबदला ज्याच्या नावावर जमीन त्याला मिळतो. राबणारीच्या हातात काय?

महाराष्ट्रानं १९९४ साली मुलीला वडिलोपार्जित मिळकतीत मुलाइतका हक्क दिला, केंद्रानं २००५ साली. वडील २००५ च्या आधी वारले असले तरी तो हक्क जात नाही, हे सर्वोच्च न्यायालयानं २०२० मध्ये स्पष्ट केलं. तरीही जमिनीला भाव आला की बहिणीला माहेरी बोलावणं येतं. साडी-चोळी होते, आणि पुढ्यात हक्कसोडपत्र येतं. 'ताई, इथं सही कर.' सही नाकारली तर माहेर तुटेल, ही भीती खोटी नाही. म्हणूनच एकटीनं नाही, गटानं शिकायचं.

पुढच्या बैठकीला प्रत्येकीनं माहेरचा आणि सासरचा सातबारा आणा. फेरफार म्हणजे काय, हरकत कशी घ्यायची, ते एकमेकींना वाचून दाखवू. जिला वाचता येत नाही तिनं प्रश्न विचारायचे. त्यातले जे सगळ्यांचे ठरतील ते महिला ग्रामसभेत मांडू, ठराव करू. ग्रामसभेआधी महिलांची सभा घेण्याची तरतूद कायद्यातच आहे, ती कागदावर राहू द्यायची नाही.

सही करायची की नाही, हे जिचं तिनं ठरवावं. पण न वाचता कुणीही करू नये.