खिशातले यंत्र आणि मनातले रान

रानात जाऊन राहावे, असे तुम्हाला कधी वाटले आहे का? वाटले असणारच. महिनाअखेरीची बिले, कचेरीतले कागद आणि घरातली किरकिर यांनी डोके भणभणले, की माणूस खिडकीबाहेर बघतो आणि मनातल्या मनात एक झोपडी बांधू लागतो. ही झोपडी नेहमी नदीकाठी असते. पुढे एक मोठे झाड, झाडाखाली बाज. चुलीवरची भाकरी आपोआप फुगत असते, कारण स्वप्नातल्या चुलीसाठी लाकडे फोडावी लागत नाहीत! आणि मुख्य म्हणजे तिथे कुणाचा फोन येत नाही.

आम्हा फैजपूरकरांना तर हे स्वप्न फार स्वस्तात पडते. गावाबाहेर यावे, केळीच्या बागा मागे टाकाव्यात, की उत्तरेला सातपुड्याची निळी रांग उभीच असते. मग पुढचे सारे मनच रचते.

पण हल्ली एक मोठी गंमत झाली आहे. ज्या यंत्राला कंटाळून रानात पळायचे, त्याच यंत्रात आपण रान पाहतो. भारतात मोबाइलवरून पहिले संभाषण झाले ते 31 जुलै 1995 रोजी, कलकत्ता आणि दिल्ली यांच्यामध्ये. तेव्हा तो नुसता फोन होता. पुढे त्याने घड्याळ गिळले, कॅमेरा गिळला, बॅटरी, पंचांग आणि रेडिओही गिळला! आता तो आपली संध्याकाळ गिळतो आहे.

या यंत्राच्या पोटात काय काय सापडते म्हणून सांगू! ऑस्ट्रेलियात क्वीन्सलंड प्रांतात जॉन प्लँट नावाचा एक गृहस्थ आहे. 2015 पासून तो आपल्या कामाची चित्रे इंटरनेटवर दाखवतो. हा गडी तोंडातून अवाक्षर काढत नाही. अर्ध्या चड्डीवर रानात जातो, दगडाची कुऱ्हाड करतो, चिखल तुडवतो, कौले भाजतो आणि नुसत्या हातांनी घर उभे करतो. कोट्यवधी माणसे आपापल्या खुर्चीत बसून हे तासन् तास बघतात. आमचे विद्यार्थीही बघतात. यातली मौज अशी, की तो स्वतः काही रानात राहत नाही. काम आटोपले, की चारचौघांसारखा आपल्या घरी जातो, आणि हे तो मोकळेपणाने सांगतोही. बघणारे मात्र ते विसरतात.

दुसरी गंमत केंब्रिज विद्यापीठातली. तिथल्या संगणक विभागात कॉफीचे एकच भांडे होते. लांबून जिने चढून यावे आणि भांडे रिकामे दिसावे, असे वारंवार होई. म्हणून 1991 मध्ये तिथल्या मंडळींनी भांड्यावर एक कॅमेराच रोखला, म्हणजे जागेवर बसून कॉफी आहे की नाही ते कळावे. 1993 मध्ये ते चित्र इंटरनेटवर गेले, आणि ज्यांना त्या कॉफीचा थेंबही मिळणार नव्हता, असे लोक जगभरातून ते भांडे बघू लागले! 2001 साली तो कॅमेरा बंद झाला.

तिसरी गंमत हॉलंडमधल्या उत्रेख्त शहरातली. तिथल्या कालव्यांतून वसंत ऋतूत मासे अंडी घालायला वरच्या अंगाला निघतात; पण त्या दिवसांत नावांची ये-जा थोडी, म्हणून कालव्याचे दार बंद असते. मासे दाराशी ताटकळतात. 2021 पासून तिथे पाण्याखाली कॅमेरा बसवला आहे. घरबसल्या कुणाला मासा दिसला, की त्याने पडद्यावरची घंटा दाबायची. ती खबर दारवानाला पोचते आणि तो दार उघडतो. माशांसाठी दारावरची घंटा! लांब लांबच्या देशांतले लोक त्या गढूळ पाण्याकडे टक लावून बसतात.

हे ऐकून तुम्ही हसाल. पण मला त्यात नुसता पोरखेळ दिसत नाही. चार भिंतींत कोंडलेल्या माणसाला कशाची तरी शांतपणे वाट पाहावीशी वाटते. मासा येवो न येवो, तेवढा वेळ त्याला कुणी हाक मारीत नाही. मला वाटते, आपल्या स्वप्नातल्या झोपडीचे मर्मही इथेच आहे. आपल्याला रान हवे असते असे नाही; आपल्याला सवड हवी असते. सवडीला चेहरा नाही, म्हणून आपण तिला रानाचा चेहरा देतो, इतकेच.

रानात राहिलेल्यांचा गुरू म्हणजे अमेरिकेतला थोरो. दुर्गाबाई भागवतांनी त्याचा ग्रंथ मराठीत आणल्यामुळे तो आपल्याला परका नाही. 4 जुलै 1845 रोजी तो वॉल्डन तळ्याकाठी राहायला गेला. खोली दहा फूट रुंद, पंधरा फूट लांब. खर्च 28 डॉलर साडेबारा सेंट. हिशेब त्याने स्वतःच लिहून ठेवला आहे. तिथे तो दोन वर्षे आणि दोन महिने राहिला. पण जागा होती त्याचा मित्र इमर्सन याची, गाव होते पायी जाण्याच्या अंतरावर आणि तळ्याजवळून आगगाडी धावत होती. शिवाय हा ऋषी मोठा यंत्रज्ञ होता बरं का! वडिलांचा पेन्सिलींचा धंदा. ग्रॅफाइटमध्ये चिकणमाती मिसळून त्याने त्या पेन्सिली अशा सुधारल्या, की त्या काळच्या अमेरिकेत त्यांचे नाव झाले. म्हणजे रानाचा ओढा आणि अवजाराचा नाद ही दोन्ही एकाच माणसात सुखाने नांदत होती.

आपल्या फैजपूरनेही हे पाहिले आहे. डिसेंबर 1936 मध्ये इथे काँग्रेसचे अधिवेशन भरले. खेड्यात भरलेले ते पहिलेच अधिवेशन. अध्यक्ष पंडित नेहरू. नंदलाल बोस यांनी बांबूसारख्या इथल्याच साध्या साहित्यातून टिळकनगर सजवले. सोबत खादीचे आणि ग्रामोद्योगांचे प्रदर्शन होते. गांधीजी यंत्रांचे वैरी, असे आपण पाठ करून ठेवले आहे. पण चरखा हेही यंत्रच की हो! तो सुधारावा म्हणून 1929 मध्ये चरखा संघाने एक लाख रुपयांचे बक्षीस जाहीर केले होते. घडी घालून पेटीत मावणारा येरवडा चरखा हे तर गांधीजींच्या तुरुंगवासाचे फळ. आणि शिवणयंत्राला आपला विरोध नाही, असे त्यांनी 1924 मध्येच स्पष्ट सांगितले होते. त्यांचा प्रश्न एवढाच असे, की यंत्र माणसासाठी की माणूस यंत्रासाठी?

हाच प्रश्न आपल्या शिवारात आणून बघा. वर्षानुवर्षे शेतीपंपांना वीज मिळाली ती पाळीपाळीने, आणि पाळी पुष्कळदा रात्रीची. केळीला पाणी तर हवे. म्हणून शेतकऱ्याने मध्यरात्री उठायचे, बॅटरी घ्यायची आणि मोटर सुरू करायला मळ्यात जायचे. वाटेत साप-विंचू, आणि डोंगराकडच्या गावांत बिबट्याचीही धास्ती. पुण्याचे अभियंते संतोष ओस्तवाल यांनी 'नॅनो गणेश' नावाचे उपकरण तयार केले. त्यामुळे मोबाइलवरून दूरची मोटर सुरू करता येते, बंद करता येते. तशा धर्तीचे स्टार्टर आता पुष्कळ मळ्यांत दिसतात. शेतकरी अंथरुणातूनच मोटर लावतो आणि कुशीवर वळतो.

आता विचार करा. ज्या अंधाऱ्या, निर्जन रात्रीची आपण खुर्चीत बसून स्वप्ने पाहतो, त्याच रात्रीपासून या छोट्या यंत्राने त्याची सुटका केली. त्याला त्याची झोप परत दिली. यंत्र तेच, एकाला रात्र परत देते, दुसऱ्याची संध्याकाळ हिरावून घेते. तेव्हा यंत्र वाईट की चांगले, हा वाद व्यर्थ आहे. दिवेलागणीला प्रत्येकाने एवढेच विचारावे, की आज याने माझा किती वेळ वाचवला आणि किती नेला? जमाखर्च मांडायला थोरोची पेन्सिल पुरे.

मग रानाचे काय? स्वप्नातल्या रानाचे एक बरे असते, ते तुटत नाही. सातपुडा तुटतो. आपल्या उत्तरेचे यावल अभयारण्य 1969 मधले, 177 चौरस किलोमीटरांहून थोडे मोठे. साग, सालई, अंजन ही तिथली झाडे. वृक्षतोड आणि अतिक्रमण यांनी त्याचे अंग झिजत आले आहे. शिवाय ते निर्मनुष्यही नाही. तिथे पावरा आणि तडवी यांची घरे आहेत. त्यांच्या चुलीला लाकडे लागतात, आजाऱ्याला दवाखाना लागतो, आणि फोन लागावा म्हणून टेकडीही चढावी लागते. झोपडीत राहणे ही त्यांची हौस नव्हे. हौस आपली, कारण आपल्या खिशात परतीचे भाडे असते.

मारुती चितमपल्ली 2025 मध्ये गेले. वनखात्याच्या नोकरीत त्यांनी छत्तीस वर्षे काढली. या काळात त्यांनी काय केले? पक्षी पाहिले, झाडे पाहिली, आदिवासींना नावे विचारली आणि सारे टिपून ठेवले. रान त्यांना सवडीने भेटले नाही, कामाने भेटले.

तेव्हा झोपडीचे स्वप्न खुशाल पाहा, त्याला पैसे पडत नाहीत. पण या पावसाळ्यानंतर एकदा पालच्या बाजूला जाऊन या. सुकी नदीला पाणी असेल, डोंगर हिरवा असेल. बरोबर तिथलाच कुणी म्हातारा पावरा घ्या आणि त्याला दहा झाडांची नावे विचारा. त्याच्या बोलीतली नावे त्याच्याच उच्चाराने लिहून घ्या. फोनमध्ये लिहिली तरी चालतील. ज्या झाडाचे नाव आपल्याला ठाऊक असते, ते तुटले तर निदान कळते तरी.