धानोऱ्याचे हायस्कूल आणि सरकारी खजिन्याचे कर्तव्य



शाळेचा इतिहास म्हटला की मुख्याध्यापकांची नामावली, निकालांची टक्केवारी आणि स्नेहसंमेलनांचे अहवाल पुढे येतात. गडचिरोली जिल्ह्यातील धानोऱ्यासारख्या तालुक्याच्या ठिकाणी असलेल्या जिल्हा परिषद हायस्कुलाविषयी बोलताना मला मात्र निराळाच प्रश्न महत्त्वाचा वाटतो. ज्या मुलखात विद्येचा भार उचलील असा धनिकवर्ग नव्हता, तेथे माध्यमिक शिक्षण कोणाच्या बळावर आले, आणि येताना त्याने येथल्या मुलांना काय सोडावयास लावले?

पश्चिम महाराष्ट्रात कर्मवीर भाऊराव पाटलांनी १९१९ साली रयत शिक्षण संस्था स्थापिली, वऱ्हाडात डॉ. पंजाबराव देशमुखांनी शिवाजी शिक्षण संस्था उभी केली, आणि लोकवर्गणी व वसतिगृहे यांच्या आधारावर खेडोपाडीचा कुणब्याचा मुलगा मॅट्रिकच्या वर्गात जाऊन बसला. धानोरा ज्यात होते त्या चांदा जिल्ह्याच्या पूर्वेकडील अरण्यात मात्र असा वर्गणीदार मिळणे दुरापास्त होते. जमीनदाऱ्यांचा मुलूख एकत्र करून १९०५ साली गडचिरोली तहसील निर्माण झाली, तेव्हा धानोरा परिसरातील रांगी व मुरूमगाव ही जमीनदाऱ्यांचीच ठिकाणे होती. आणि १९५१ साली जमीनदारी नष्ट होईपर्यंत येथील रयतेला सरकार भेटे ते बहुधा सारा वसूल करणाऱ्याच्या किंवा जंगलखात्याच्या शिपायाच्या रूपाने. धान, मोह आणि तेंदूपत्ता यांवर जगणाऱ्या कुटुंबाने हायस्कुलासाठी देणगी द्यावी, ही अपेक्षाच अन्यायाची ठरली असती.

म्हणून हे कार्य सार्वजनिक खजिन्याकडे आले. मध्यप्रांतात १९४८ च्या कायद्याने स्थानिक कारभारासाठी जनपद सभा अस्तित्वात आल्या, १९५६ साली विदर्भ मुंबई राज्यात आला, आणि १ मे १९६२ रोजी जिल्हा परिषदांचा कारभार सुरू झाला. राज्याच्या इतर अनेक भागांत माध्यमिक शिक्षण खासगी संस्थांच्या हाती राहिले असताना, विदर्भात जिल्हा परिषदेची हायस्कुले हा शिक्षणाचा एक भक्कम आधारस्तंभ ठरला. २६ ऑगस्ट १९८२ रोजी गडचिरोली हा स्वतंत्र जिल्हा झाला, तेव्हा ही जबाबदारीही नव्या जिल्ह्याकडे आली. देणगी न मागता व जात न पाहता मुलाला दाखल करून घेणे, हे या शाळेचे सर्वांत मोठे शैक्षणिक कार्य होय. कोणत्याही गुणवत्तायादीत त्याची नोंद होत नाही.

नोंद होते ती दाखल-खारीज रजिस्टरात. हे रजिस्टर म्हणजे शाळेचा खरा दप्तरखाना. मुलाचे नाव, बापाचे नाव, जात, अंकी व अक्षरी जन्मतारीख, पूर्वीची शाळा, आणि शेवटी शाळा सोडल्याची तारीख व कारण, असे त्याचे रकाने असतात. जात पडताळणी समितीपुढे उभ्या राहणाऱ्या उमेदवाराला आजोबा-पणजोबांच्या अशाच एखाद्या जुन्या नोंदीचा उतारा तारून नेतो. शिष्यवृत्ती, नोकरी आणि आरक्षणाचा हक्क त्या एका ओळीवर अवलंबून राहतो. अशा वहीला वाळवी लागणे म्हणजे कुटुंबाच्या कुटुंबाचा पुरावा नाहीसा होणे होय.

याच दप्तरात मातृभाषेचाही रकाना असतो. घरी गोंडी बोलणाऱ्या मुलाच्या नावापुढे तेथे ‘मराठी’ लिहिले गेले, तर शाळेने त्याला प्रवेश दिला, पण त्याच्या घराला दिला नाही, असेच म्हणावे लागेल. मराठी ही ज्ञानाची व राज्यकारभाराची भाषा म्हणून त्याने शिकलीच पाहिजे, याविषयी माझ्या मनात संदेह नाही. परंतु जी भाषा घेऊन मूल उंबरठ्यावर येते, तिचा अव्हेर करून दिलेले ज्ञान त्याच्या ठायी रुजण्यास फार काळ लागतो, आणि तेवढ्या काळात अनेक मुले शाळा सोडून जातात.

आपल्या घरच्या अनुभवावर व भाषेवर शिक्षण उभे करण्याचा विचार याच तालुक्याने कृतीत आणला आहे. मेंढा-लेखा गावाने अभ्यासगटांच्या मार्गाने लोकशिक्षण केले, सर्वसहमतीने निर्णय घेण्याची शिस्त स्वतःला लावून घेतली, आणि २००९ साली सामूहिक वनहक्क मिळविला. मोहगावच्या ग्रामसभेने २०१९ साली गोंडी माध्यमाची शाळा सुरू केली. तिला मान्यता नाही म्हणून शिक्षणखात्याने आक्षेप घेतला. मुलांच्या हक्कासाठी झालेला २००९ चा शिक्षणहक्क कायदा अशा शाळेच्या वाटेत अडसर म्हणून उभा राहावा, ही खेदाची गोष्ट होय. तोच कायदा शक्यतो मातृभाषेतून शिकवावे, असेही सांगतो, याचे स्मरण खात्याने ठेवावे.

तेव्हा धानोऱ्याच्या नागरिकांस माझी विनंती अशी की, शाळा व्यवस्थापन समितीने जुन्या रजिस्टरांची प्रत काढून ती सुरक्षित ठेवावी, मातृभाषेचा रकाना पालकांना विचारून खरा भरावा, आणि गोंडी जाणणारा शिक्षक जिल्हा परिषदेकडे हक्काने मागावा. खजिना सार्वजनिक आहे; त्यावर पहिला अधिकार ज्याच्यापाशी दुसरा कोणताही खजिना नाही, त्या मुलाचा आहे. हा अधिकार या हायस्कुलाने प्रवेशापुरता मान्य केला. अध्यापनातही तो मान्य करून घेणे, हे आता आपले काम आहे.