भूमीच्या पोटांतील पाणी: त्याचा शोध व त्याची राखण
(महोत्सवाच्या सभेंत केलेलें भाषण)



आजच्या सभेसाठीं आम्हीं जो विषय घेतला आहे तो पिण्याच्या पाण्याचा आहे. धाराशिव जिल्ह्यांतील माणसास पाण्याचें महत्त्व सांगावयास नको. उन्हाळ्यांत एका घागरीसाठीं किती चालावें लागतें, हें येथील प्रत्येक माउली जाणते. परंतु आपल्या पायांखालीं पाणी कोठें असतें, तें सांपडतें कसें, आणि सांपडलेलें पाणी पुन्हां नाहींसें कां होतें, याचा विचार आपण क्वचितच करितों. तो आज करूं.

आपला जिल्हा बालाघाटाच्या पठारावर वसला आहे. सुमारें ६.५ कोटी वर्षांपूर्वी पृथ्वीच्या पोटांतून निघालेल्या तप्त रसाचे थरावर थर पसरून दख्खनचा हा काळा खडक बनला. नदीकांठच्या वाळूंत पाणी जसें सर्वत्र झिरपलेलें असतें तसें या खडकांत नसतें. अखंड काळा पाषाण कितीही खोल फोडला तरी कोरडाच. पाणी राहतें तें वरच्या मुरमांत, बुडबुड्यांच्या छिद्रांनीं भरलेल्या मांजऱ्या खडकांत, आणि पाषाणाच्या भेगांत व थरांच्या सांध्यांत. म्हणूनच एका शेतांत तुडुंब विहीर आणि बांधापलीकडे कोरडा खड्डा, असें आपण पाहतों. तो दैवाचा खेळ नव्हे, खडकाचा भेद आहे.

या भेदाचा माग मनुष्य फार पूर्वीपासून काढीत आला आहे. सहाव्या शतकांतील वराहमिहिरानें बृहत्संहितेंत दकार्गल नांवाचें एक प्रकरणच लिहिलें. झाडें, वारुळें, माती व दगड यांवरून पाणी कसें ओळखावें, तें त्यांत सांगितलें आहे. आपल्याकडील पाणाडेही तळहातावर नारळ किंवा हातांत फांदी घेऊन शिवार फिरतात. ओढ्याचें वळण, झाडांच्या रांगा व जुन्या विहिरींचे थर निरखणाऱ्या जाणत्या माणसाच्या अनुभवास आम्ही हंसणार नाहीं. परंतु नारळ उभा राहिला एवढ्यावरून कर्ज काढून बोअर घेणें, हें शहाणपण नव्हे. आज भूजलशास्त्रज्ञ उपग्रहाच्या छायाचित्रांत भेगांच्या रेषा शोधितो. जमिनींत सळया रोवून विजेचा प्रवाह सोडितो व खडक त्यास किती अडवितो तें मोजितो. ओला, भेगाळ खडक कमी अडवितो, कोरडा पाषाण फार अडवितो. यानेंही पुरी खात्री होते असें नाहीं. पण अंधारांतील चांचपडणें पुष्कळ कमी होतें. राज्याची भूजल सर्वेक्षण आणि विकास यंत्रणा हेंच काम करिते.

१९७२ च्या दुष्काळांत गांवोगांवच्या विहिरी आटल्या, तेव्हां यंत्रानें खडक विंधून पाणी काढण्याचें काम झपाट्यानें वाढलें. परंतु विंधन विहिरीस टिकाऊ हातपंप हवा. एका कुटुंबापुरते बनविलेले ओतीव लोखंडाचे पंप सबंध गांवाच्या हातीं पडतांच मोडत. यावर उपाय आपल्याच भागांत निघाला. प्रथम जालन्यास मिशनच्या कारखान्यांत आणि मागाहून शेजारच्या सोलापुरास पोलादाचा दणकट पंप तयार झाला. त्या सोलापुरी पंपावरून भारत सरकार व युनिसेफ यांनीं १९७० च्या दशकांत ‘इंडिया मार्क दोन’ हा पंप सिद्ध केला. आज तो आफ्रिकेंतील गांवांसही पाणी देतो. त्याचा उपकार घागरीपुरता नाहीं. पायऱ्यांच्या विहिरींत उतरणाऱ्या रोग्याच्या पायांतून नारूचा रोग पाण्यांत शिरे, आणि तें पाणी पिणारास जडे. अशा विहिरी बंद झाल्या, हातपंप बसले, पाणी गाळून पिण्याची संवय लागली, आणि २००० सालीं भारत नारूमुक्त जाहीर झाला.

मात्र ज्या यंत्रानें गांवें तारलीं तेंच शेतोशेतीं पोहोंचलें. एकानें बोअर घेतला, शेजाऱ्यानें त्याहून खोल घेतला, आणि उसाच्या सरींत पाणी धांवूं लागलें. खडक पाणी निर्माण करीत नाहीं, केवळ सांठवितो. पावसानें जितकें आंत जाईल त्याहून अधिक उपसलें कीं पातळी खालीं गेलीच. साधा हातपंप सुमारें ५० मीटरांपलीकडचें पाणी ओढूं शकत नाहीं. म्हणून पहिला कोरडा पडतो तो गांवाचा पंप, आणि पहिली तहान लागते ती ज्यास स्वतःचें शेत नाहीं व बोअरही नाहीं त्यास. शेजारच्या लातूर शहरास एप्रिल २०१६ मध्यें मिरजेहून सुमारें ३४० किलोमीटरांवरून आगगाडीनें पाणी आणावें लागलें, हें आपण विसरलों नाहीं. सार्वजनिक पिण्याच्या पाण्यापासून ५०० मीटरांच्या आंत परवानगीवांचून नवी विहीर घेण्यास राज्यानें १९९३ च्या कायद्यानें मनाई केली, आणि २००९ मध्यें अधिक व्यापक कायदा केला. पण शेजाऱ्याच्या तहानेची लाज नसेल तर कायदा काय करील?

पाणी परत भूमींत घालतां येतें, हेंही सिद्ध झालें आहे. येशूसंघाचे स्विस धर्मगुरु फादर हर्मन बाखर यांनीं नगर जिल्ह्यांतून पाणलोटाच्या कामाचा प्रसार केला, व १९९३ मध्यें त्यासाठीं उभ्या राहिलेल्या संस्थेच्या संस्थापकांत ते होते. डोंगरउतारावर समतल चर, खालीं बांध, ओढ्यांत नालाबांध; त्यास चराईबंदी, कुऱ्हाडबंदी व श्रमदान यांची जोड. धांवणारें पाणी चालतें करावें, आणि चालणारें पाणी जिरवावें, एवढेंच त्याचें सूत्र.

उत्पत्तीच्या ग्रंथांत इसहाकाची कथा आहे. पित्याच्या बुजविलेल्या विहिरी त्यानें पुन्हां उकरल्या, आणि नव्या विहिरींवरून भांडण झालें तेव्हां तो पुढें सरकला. आपणांसही यांत दोन कामें सांपडतील. गांवची जुनी विहीर गाळ काढून मोकळी करावी, छपरावरचें पावसाचें पाणी गाळून तींत सोडावें, तिच्या भोंवतीं ओटा व सांडपाण्याची मोरी बांधून गुरें व शौचकूप दूर ठेवावे, आणि दरमहा दोरीनें तिची पातळी मोजून फळ्यावर लिहावी. दुसरें, पिण्याच्या विहिरीजवळ खोल बोअर घेण्याचा मोह कोणास झाला तर त्यानें तो आवरावा. पाण्याचा शोध शास्त्रज्ञ लावील. राखण मात्र आपणच केली पाहिजे. महोत्सवाची आठवण म्हणून प्रत्येक गांवांत एक तरी विहीर अशी राखली जावी, एवढी विनंती करून आम्ही आपली रजा घेतों.